खोली वाढवावी की घर बदलावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर अपुरं पडायला लागलं की दोन वाटा समोर असतात: आहे त्या घराला खोली किंवा मजला जोडायचा, नाहीतर मोठ्या घरात जायचं. इथली उत्तरं मुख्यतः स्वतःच्या जमिनीवर घर असणाऱ्यांसाठी आहेत. फ्लॅटबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

सुरुवात कुठून करावी? आधी घरं बघावीत, की आधी नकाशा काढून घ्यावा?

दोन्हीच्या आधी दोन उत्तरं हातात घ्या. पहिलं, तुमच्या जमिनीवर नियमानुसार अजून किती बांधता येतं. दुसरं, जुना पाया आणि जुनं काँक्रीट किती भार पेलतं. दोन्ही उत्तरं थोडक्या खर्चात मिळतात, आणि यातलं एक जरी नकारार्थी आलं तर प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. बहुतेक लोक उलट्या क्रमानं जातात. आधी सुंदर नकाशा, मग कंत्राटदाराचे दर, मग कर्जाची चौकशी, आणि सगळ्यात शेवटी कळतं की मागच्या बाजूला बांधायला परवानगीच मिळणार नाही. तोवर घरातल्या सगळ्यांनी मनानं त्या खोलीत सामानही लावलेलं असतं.

अडचण घराची आहे की जागेची, हे कसं ओळखायचं?

दोन आठवडे एक वही स्वयंपाकघरात ठेवा. घरातल्या प्रत्येकानं, अडचण झाली की त्याच वेळी एक ओळ लिहायची: काय अडलं, कुठे, किती वाजता. दोन आठवड्यांनी त्या ओळींपुढे एकच खूण करा: भिंती वाढवून हे सुटेल की नाही?

सकाळी बाथरूमसाठी रांग, अभ्यासाला कोपरा नाही, पाहुणे आले की दिवाणखान्यात अंथरुणं, या घराच्या अडचणी आहेत. रस्त्याचा गोंगाट, दरवर्षी अंगणात साचणारं पाणी, शाळा आणि नोकरी लांब असणं, आईवडिलांना दवाखाना जवळ नसणं, या जागेच्या. जागेची अडचण कितीही चांगली खोली बांधली तरी तशीच राहते. प्रवासाचा हिशेब तर कागदावर मांडाच. नवं घर कामाच्या ठिकाणाला जवळ असल्यानं जाताना आणि येताना ४५-४५ मिनिटं वाचत असतील, तर वर्षातल्या २५० कामाच्या दिवसांत ३७५ तास वाचतात. दोघं नोकरी करत असतील तर दुप्पट.

वहीत जागेच्या अडचणी निम्म्याहून जास्त निघाल्या, तर पुढचे बांधकामाचे प्रश्न वाचण्यापेक्षा थेट घर बदलण्याच्या प्रश्नांकडे जा.

आहे त्याच घरात भागवता येईल का, हे कसं तपासावं?

वहीतल्या ओळी वेळेनुसार लावून बघा. सगळी अडचण सकाळी सात ते साडेआठमध्येच असेल तर घराला खोली नव्हे, दुसरं शौचालय आणि बाहेर एक बेसिन हवं आहे. त्याला १.२ × १.५ मीटर जागा पुरते आणि ती बऱ्याचदा पॅसेजच्या टोकाला किंवा जिन्याखाली सापडते. जिन्याखाली करत असाल तर उभं राहायच्या जागी किमान २ मीटर उंची मिळते का, ते मोजा. सामान मावत नसेल तर भिंतीभर, छतापर्यंत कपाटं करा. एखादी खोली आठवड्यातून दोन तासच वापरात असेल तर तिचं काम बदला.

आणि गरज किती वर्षांची आहे तेही लिहा. मुलगी चार वर्षांनी शिकायला बाहेरगावी जाणार असेल आणि कर्ज पंधरा वर्षांचं घ्यावं लागणार असेल, तर हलक्या पार्टिशनवर चार वर्षं काढणं शहाणपणाचं ठरू शकतं.

नियमात अजून किती बांधता येतं, ते कसं काढायचं?

नियम गावोगावी आणि देशोदेशी वेगळे असले तरी बंधनं बहुतेक ठिकाणी तीन असतात: एकूण चटईक्षेत्र (सगळे मजले मिळून बांधता येणारं क्षेत्र), हद्दीपासून मोकळं सोडायचं सामासिक अंतर आणि इमारतीची उंची. तिन्ही एकाच वेळी पाळावी लागतात. चटईक्षेत्र शिल्लक आहे म्हणून लोक खूश होतात, आणि सामासिक अंतर ते वापरू देत नाही.

उदाहरण घेऊ. प्लॉट १२ × १८ मीटर. समोर ३ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना १.५ मीटर सोडायचं आहे. म्हणजे बांधता येणारी जागा ९ × १३.५ मीटर. जुनं घर पुढच्या रेषेपासून ९ × १० मीटर उभं आहे. मागे उरली ३.५ मीटरची पट्टी. त्यातून बाहेरच्या भिंतीची २३० मिमी जाडी वजा केली की आतून ३.२७ मीटर रुंदी मिळते. खोली होते, आणि चांगली होते. पण जुनं घर अर्धा मीटर मागे सरकून बांधलेलं असतं, तर आतून २.७७ मीटरच उरले असते, आणि पलंग टाकून बाजूनं फिरायची जागा जेमतेम राहिली असती. म्हणून मोजणी टेपनं, हद्दीच्या खुणांपासून करा. कुंपणाची भिंत हद्दीवरच आहे असं गृहीत धरू नका.

मंजूर नकाशा काढून प्रत्यक्ष घराशी ताडून बघा. बंद केलेली बाल्कनी, मागे टाकलेली शेड, वाढवलेलं स्वयंपाकघर यांची नोंद नसेल, तर नवा अर्ज करताना ती सगळी बाहेर येतात आणि शिल्लक क्षेत्रातून वजा होतात. विनापरवाना बांधलेल्या खोलीवर कर्ज मिळत नाही, विम्याचा दावा अडतो आणि विक्रीच्या वेळी खरेदीदाराचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

गच्चीवर कॉलमच्या सळया सोडलेल्या आहेत. म्हणजे पाया वरच्या मजल्यासाठीच केलेला आहे ना?

असं धरून चालू नका. सळया सोडायला काही लागत नाही. पाया रुंद करायला पैसे लागतात. सळया मिस्त्रीनं सवयीनंही सोडलेल्या असतात.

आधी वजन किती वाढणार ते समजून घ्या. ४ × ४ मीटरची एक खोली वर चढवायची आहे. १२५ मिमी जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे ३१२ किलो, म्हणजे १६ चौरस मीटरला ५ टन. त्यावरचं वॉटरप्रूफिंग आणि खालची फरशी मिळून अंदाजे २.४ टन. माणसं आणि सामानासाठी दर चौरस मीटरला २०० किलो, म्हणजे ३.२ टन. आणि भिंती? २३० मिमी जाड, ३ मीटर उंच विटांची भिंत दर मीटर लांबीला गिलावा सोडून सुमारे १३०० किलो भरते. १६ मीटर भिंतीतून दारंखिडक्या वजा केल्या तरी १७-१८ टन. बीम-कॉलम न धरता एका खोलीचे २८ टन झाले, आणि त्यातला मोठा हिस्सा भिंतींचा आहे. त्याच भिंती १५० मिमीच्या हलक्या एएसी (हवेची छिद्रं असलेल्या काँक्रीटच्या) ब्लॉकच्या केल्या तर त्यांचं वजन ४ टनांच्या आसपास येतं. पाया काठावर असेल तेव्हा हा एक बदल होकार-नकार ठरवतो.

आता तपासणी. एक-दोन कॉलमशेजारी खड्डा घेऊन फूटिंगची (कॉलमखालच्या रुंद पायाची) खोली, लांबी-रुंदी आणि जाडी मोजायची. खालची माती कोणती आहे तेही तेव्हाच दिसतं. काळ्या, फुगणाऱ्या मातीत आणि भरावावर बांधलेल्या घराला जास्त सावध राहा. काँक्रीटची ताकद न तोडता अजमावायला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी घेतात, शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, कापून काढतात.

एक चाचणी मात्र स्वतः उभं राहून बघावी अशी आहे. कॉलमच्या कोपऱ्यावर काँक्रीटचा छोटा टवका काढतात आणि ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. जिथे काँक्रीट निरोगी आहे तिथे ते क्षणात गडद गुलाबी होतं. जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं काँक्रीटमधला अल्कधर्म (सळईला गंजापासून जपणारा गुण) संपवला आहे तिथे रंगच येत नाही. बाहेरून आत किती मिलिमीटर रंगहीन आहे ते पट्टीनं मोजायचं. कॉलमच्या सळईवर ४० मिमी काँक्रीटचं कव्हर असेल आणि रंगहीन पट्टा १५ मिमी असेल तर सळई सुरक्षित आहे. पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर ओल मिळताच गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटून निघतं. अशा कॉलमवर मजला चढवण्याआधी त्याची दुरुस्ती आणि जॅकेटिंग (भोवती सळई-काँक्रीटचं नवं आवरण) करावं लागतं, आणि त्याचा खर्च तुलनेत धरावा लागतो.

गच्चीवरच्या सळयांचंही माप घ्या. तारेच्या ब्रशनं गंज घासून व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) लावा. १६ मिमीची सळई १४ मिमी उरली असेल तर डोळ्याला फरक जाणवत नाही, पण तिचं छेदक्षेत्र २३ टक्के कमी झालेलं असतं. शिवाय नवी सळई जोडायला व्यासाच्या साधारण ५० पट लांबी लागते, म्हणजे १६ मिमीसाठी ८०० मिमी. वीतभर उरलेल्या सळईला तशी जोड मिळत नाही.

शेजारी खोली जोडली की जुन्या-नव्याच्या सांध्यावर तडा जातोच का?

काम नीट केलं नाही तर जातोच. जुनं घर वर्षानुवर्षांत बसायचं तेवढं बसलेलं असतं. नवी खोली आत्ता बसायला सुरुवात करणार असते. दोघांना गिलाव्यानं एकजीव केलं की काही मिलिमीटरचा फरकही सरळ उभ्या तड्यात दिसतो. वाढीव कामातला खरा अवघड भाग हा सांधा आहे. नव्या घराच्या तुलनेत वाढीव खोलीचा दर चौरस मीटरला जास्त का पडतो, याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे.

पहिला मार्ग म्हणजे दोन्ही भाग वेगळेच ठेवायचे. नव्या खोलीला स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया, आणि मध्ये २०-२५ मिमीची फट. फटीत दबणारी फोमची पट्टी, वर लवचीक सीलंट आणि आतून झाकपट्टी. नवा भाग स्वतंत्रपणे बसतो, तडा दिसत नाही. भूकंपप्रवण भागात ही फट जास्त रुंद लागते, ती अभियंत्यानं काढून द्यावी.

दुसरा मार्ग म्हणजे जोडून टाकणं. माती कठीण, पाया त्याच खोलीवर आणि भार सारखा असेल तर जुन्या बीम-कॉलममध्ये छिद्र पाडून रासायनिक अँकरनं, म्हणजे नळीतून भरायच्या चिकट मसाल्यानं, सळया बसवतात. इथे काम बिघडतं ते धुळीमुळे. १२ मिमी सळईला साधारण १६ मिमीचं छिद्र लागतं. ते पाडल्यावर हवा मारायची, तारेचा ब्रश फिरवायचा, परत हवा मारायची. नळीतून आलेला पहिला, दोन रंगांचा मसाला टाकून द्यायचा, आणि एकसारखा रंग आला की तळापासून वर भरत यायचं. धूळ राहिली तर मसाला धुळीला चिकटतो, काँक्रीटला नाही, आणि सळई हातानं ओढली तरी सरकते. छिद्रं भरताना घरच्या कुणीतरी तिथे उभं राहावं. नंतर वरून काहीच कळत नाही.

खणतानाही जपायचं असतं. जुन्या फूटिंगच्या तळाखाली, त्याला चिकटून, सलग चर खणू नका. खाली जावंच लागलं तर १ ते १.२ मीटरचे तुकडे, एक सोडून एक, खणून भरत जायचं. जुन्या पायाच्या तळकडेपासून ४५ अंशात खाली काढलेल्या रेषेच्या आत खणणं धोक्याचं.

सांध्यातून पाणी गळू नये म्हणून काय करतात?

नवा स्लॅब शक्य तर जुन्याच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवायचा आणि उतार जुन्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला द्यायचा. जुन्या भिंतीचा गिलावा ३०० मिमी उंचीपर्यंत काढून वॉटरप्रूफिंग त्या भिंतीवर चढवायचं, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा (गोलाई) काढायचा, आणि वरची कड भिंतीत २५ मिमी खाच पाडून आत दाबायची. कड नुसती भिंतीला चिकटवली की दोन-तीन वर्षांत सुटते आणि पाणी तिच्या मागून उतरतं. शेवटी स्लॅबवर पाणी तुंबवून किमान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवायचं आणि खालून बघायचं. ही चाचणी झाल्याशिवाय आतला रंग सुरू करू नका.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीसाठी जोत्यावरचा ओलरोधक थर जुन्या घराच्या थराला अखंड जोडला पाहिजे. आणि फरशीखालचा भराव १५०-२०० मिमीच्या थरांत, पाणी शिंपून, धुम्मसानं ठोकून करायचा. एका दिवसात सगळी माती ओतून वर फरशी लावली, तर पहिल्या दोन वर्षांत कडेच्या फरश्या पोकळ वाजायला लागतात.

जुन्या भिंतीत दार पाडायचं आहे. ती भिंत भार पेलणारी आहे हे कसं ओळखायचं?

बोटांनी वाजवून ओळखता येत नाही. जाडी मोजा (२०० मिमीच्या वर असेल तर भार पेलत असण्याची शक्यता जास्त), वरच्या मजल्यावर त्याच जागी भिंत आहे का बघा, आणि घर कॉलम-बीमचं आहे की नुसत्या भिंतींवर उभं आहे ते तपासा. नुसत्या भिंतींवरच्या घरात जवळपास प्रत्येक जाड भिंत भार पेलते. अशा भिंतीत आधी दोन्ही बाजूंनी टेकू, मग लिंटल (दारावरची आडवी तुळई), मग खालचं तोडकाम, हाच क्रम. लिंटल दोन्ही बाजूंना किमान १५०-२०० मिमी भिंतीत टेकलेला असावा. आणि हे दार सगळ्यात शेवटी पाडा. नव्या खोलीचं छत गळत नाही, खिडक्यांना काचा लागल्या, मगच. तोवर धूळ, पाऊस आणि चोर तिघंही बाहेर राहतात.

नवी खोली जोडल्यावर मधली खोली अंधारी होईल का?

होऊ शकते. खिडकीतला उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पटच आत जातो. कड २.१ मीटरवर असेल तर साडेचार-पाच मीटर. त्यापलीकडे दिवसाही दिवा लागतो. नवी खोली आणि जुनं घर यांच्यात छोटा मोकळा चौक ठेवणं, किंवा खोली अर्ध्याच रुंदीला जोडून जुनी एक खिडकी वाचवणं, हे थोडं क्षेत्र गमावूनही परवडतं.

वरच्या मजल्यासाठी जिन्याला किती जागा जाते?

लोक धरतात त्यापेक्षा जास्त. मजल्याची उंची ३ मीटर, पायरी १६७ मिमी उंच, म्हणजे १८ उंच्या. मधे वळणारा जिना केला तर एका बाजूला ९ उंच्या आणि पाय ठेवायचे २५० मिमीचे ८ पाट, म्हणजे २ मीटर. दोन्ही टोकांना १-१ मीटरची जागा. एकूण ४ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे ८ चौरस मीटर खाली आणि तितकंच वर. खालची एक लहान खोली जिन्यातच गेली, असं कधी कधी होतं. जिना बाहेरून घेतला तर जागा वाचते, पण सामासिक अंतराचा नियम बघावा लागतो.

पाणी, सांडपाणी आणि वीज यांत काय राहून जातं?

संडासाच्या पाइपचा उतार. १०० मिमी पाइपला १:४० उतार धरला तर ८ मीटर लांबीवर २०० मिमी खाली जावं लागतं. जुन्या चेंबरची पातळी त्याहून वर असेल तर पाणी तुंबणार. म्हणून नवीन बाथरूम कुठे, हे ठरवण्याआधी चेंबरची झाकणं उघडून खोली मोजा. जुनी ड्रेनेज लाइन किंवा सेप्टिक टँक नव्या खोलीच्या खाली येत असेल तर ते आधी हलवा, वर फरशी टाकून पुरू नका.

विजेचं सोपं आहे: गीझर २-३ किलोवॉट, दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या पुढेमागे. मंजूर भार आणि मीटरपासून येणारी वायर हे पेलते का, ते विचारा. नव्या खोलीला डीबीतून (घरातल्या विजेच्या मुख्य वाटप पेटीतून) स्वतंत्र सर्किट घ्या. जुन्या खोलीच्या प्लगातून वायर पुढे ओढू नका.

खर्चाची तुलना नेमकी कशी करायची?

दोन्ही बाजूंचे सगळे खर्च एकाच मापात मांडायचे. नव्या घराची किंमत १०० धरा. समजा जुनं घर ६५ ला विकलं जाईल. वरवर फरक ३५ दिसतो. त्यात मुद्रांक, नोंदणी, दलाली, वकील यांचे (समजा) ८, सामानाची हलवाहलव, फर्निचर आणि नव्या घराची डागडुजी यांचे ५. खरा फरक ४८. दुसऱ्या बाजूला वाढीव काम २५. त्यात अडचणींसाठी २० टक्के, म्हणजे ५. एकूण ३०, आणि काही महिने बाहेर राहायला लागलं तर भाडं. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे घाला. पण रकाने हेच ठेवा.

मग कर्ज. १०० कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर एकूण सुमारे २१६ फेडावे लागतात. १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलं तर सुमारे १५९. म्हणजे व्याजदर थोडा जास्त असूनही लहान आणि कमी मुदतीचं कर्ज स्वस्त पडतं. तुमचं जुनं कर्ज कमी दरानं चालू असेल तर घर विकताना तो दर हातचा जातो, हेही लिहा.

२० टक्के राखीव कशाला, असं विचारलं जातं. जुनं घर उघडल्याशिवाय आतलं कळत नाही म्हणून: खड्ड्यात अचानक लागलेला पाइप, भिंतीतली कुजलेली चौकट, दोन फरश्यांच्या पातळीतला फरक. नव्या घराच्या बांधकामात एवढं राखून ठेवायची गरज नसते.

घर पुढे विकलं तर वाढीव कामाचे पैसे परत मिळतात का?

पूर्ण मिळतीलच असं धरू नका. आजूबाजूची घरं ज्या किमतीला जातात, तिच्या फार वर तुमचं घर जात नाही. पाच-सहा वर्षांतच विकायचा विचार असेल तर मोठं वाढीव काम करू नका. पंधरा वर्षं राहणार असाल तर विक्रीच्या हिशेबापेक्षा राहण्याचा हिशेब मोठा आहे.

काम चालू असताना घरात राहता येतं का, आणि किती दिवस लागतात?

तळमजल्यावर शेजारी खोली जोडत असाल तर बहुतेक काळ राहता येतं. वर मजला चढवताना कठीण जातं, आणि लहान बाळ किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल तर राहूच नये. एका खोलीला पायाच्या खणण्यापासून रंगापर्यंत साधारण चार महिने धरा, परवानग्यांचा वेळ वेगळा. स्लॅब झाल्यावर काम थांबल्यासारखं दिसतं, पण ते थांबणं कामाचाच भाग आहे. सात दिवसांत काँक्रीटला २८ दिवसांच्या ताकदीच्या सुमारे दोन-तृतीयांशच ताकद आलेली असते. लहान स्लॅबचे टेकू लवकर निघतात, पण बीमखालचे १४ ते २१ दिवस राहू द्या, आणि पाणी मारणं रोज, किमान ७ दिवस, कोरड्या उन्हात १० ते १४ दिवस. कंत्राटदार टेकू दुसऱ्या कामावर न्यायची घाई करतो, तेव्हा ठाम राहा.

कंत्राटदाराकडून काय लिहून घ्यावं?

मोजमाप कशावर (भिंतींसह की आतून), सिमेंट-सळई कुणाची, राडारोडा कोण उचलणार, जुन्या घरात काही फुटलं तर कोण भरणार. पैसे टप्प्यांनी: जोतं, स्लॅब, गिलावा, फिनिशिंग. शेवटचे १० टक्के सांध्यातून एक पावसाळा पाणी आलं नाही, हे बघून द्यायचे. ही अट आधी लिहिलेली असेल तर भांडण होत नाही.

घरात वयस्कर माणसं आहेत. त्यांच्यासाठी खोली करायची असेल तर?

तळमजल्यावरच करा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी, उंबरठा नको, पलंगाच्या बाजूला व्हीलचेअर फिरायला १.५ मीटर व्यासाची जागा, आणि बाथरूम खोलीला लागूनच. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं असावं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडतं. खोली बांधायच्या आधी अंगणात फक्कीनं पूर्ण मापाची आखणी करा, त्यात पलंग, कपाट, दार काढा आणि आजी-आजोबांना त्यातून चालायला सांगा. कागदावर बरी दिसणारी खोली तिथे लगेच बोलते.

फ्लॅट असेल तर काय पर्याय आहेत?

बांधकाम वाढवणं जवळपास नाहीच. आतल्या बिनभाराच्या भिंती हलवणं, शेजारचा फ्लॅट घेऊन परवानगीनं जोडणं, किंवा घर बदलणं. कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लावायचा नाही, आणि बाथरूम कुणाच्या बेडरूमवर सरकवायचं नाही.

घर बदलायचं ठरलं. आधी विकावं की आधी घ्यावं?

हातात दोन हप्ते काही महिने भरायची ताकद नसेल तर आधी विका, आणि करारात ताबा देण्यासाठी पुरेशी मुदत मागून घ्या. आधी घेतलं आणि जुनं घर पडून राहिलं तर घाईनं किंमत पाडावी लागते, आणि मग वरची सगळी तुलना फसते.

नवं घर बघताना बांधकामाचं काय तपासावं?

एकदा पाऊस पडत असताना जा आणि एकदा संध्याकाळी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा पाया बसल्याचा असू शकतो. स्लॅब आणि भिंतीमधला आडवा बारीक तडा बहुधा तापमानामुळे असतो. संशय असेल आणि व्यवहाराला काही आठवडे असतील तर तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सीनं चिकटवून बाजूला तारीख लिहा. काच तुटली तर तडा अजून वाढतो आहे. नव्यानं रंगवलेल्या एकाच भिंतीकडे जास्त वेळ बघा, तिला खालच्या बाजूला हात लावा, आणि बाथरूमच्या पाठीमागच्या खोलीतली कपाटं उघडून त्यांच्या मागच्या फळीचा वास घ्या. मंजूर नकाशा इथेही हातात हवा. त्यात नसलेली खोली तुम्ही विकत घेतली, तर आधीच्या मालकाचा परवानगीचा प्रश्न तुमच्याकडे येतो. आणि हे घरही पुढे वाढवावं लागू शकतं, म्हणून चटईक्षेत्र किती शिल्लक आहे आणि पायाचं ड्रॉइंग मिळेल का, हे सौद्याच्या आधीच विचारून घ्या.